बोळाच्या तोंडावरचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. मला जे सांगायचं आहे ते सकाळीच सांगून घेतो, कारण ऊन वर आलं की माझ्यापुढची घंटा वाजायला लागते आणि मग कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. लोक माझ्याशी पुष्कळ बोलतात. गाऱ्हाणी घालतात, नवस बोलतात, कधी कधी दुसऱ्याचं वाईटही मागतात. माझं ऐकायला मात्र आजवर कुणी थांबलं नाही. तुम्ही लहान आहात, तुम्हाला कसली घाई नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या अंगावर शेंदूर आहे, चांदीचे डोळे आहेत, डोक्यावर पत्र्याचं छप्पर आहे, तरी मी देव नाही. मी हद्दीचा दगड आहे. ‘इथपर्यंत प्लॉट, इथून पुढे वाट’ एवढं सांगायला मला रोवलं होतं. ते काम मी नीट केलं असतं, पण लोकांनी मला ते करू दिलं नाही.

जऊळक्याकडच्या एका खाणीतला मी काळा दगड. एका वडाराने मला फोडून बाहेर काढलं, चारी बाजूंनी तासलं आणि माथ्यावर फुलीची खूण कोरली. माझ्याबरोबरचे दगड जात्याला गेले, पाट्याला गेले, घरांच्या पायांत गेले. मला सरकारी काम लागलं म्हणून तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. पुढे काय वाढून ठेवलं आहे ते तेव्हा कुठे ठाऊक होतं?

शेलूबाजारच्या रस्त्यावर एक मोठं गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ती माणसं अजून आहेत आणि त्यातली बरीचशी रोज माझ्या पाया पडतात. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. जुन्या गावात पाय ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून गावाच्या कमिटीने वेशीबाहेरचे भाजीचे मळे घेतले आणि तिथे नवी पेठ बसवायचं ठरवलं. आखणी करायला नागपूरहून एक तरुण साहेब आला. तेव्हा आपला कारभार नागपूरहून चालायचा.

ज्या दिवशी मला एका बोळाच्या तोंडावर रोवलं त्या दिवशी साहेब माझ्याशेजारी उभा राहून लोकांना समजावत होता. तो म्हणाला, “जुन्या गावात राहणं एकीकडे आणि धंदा दुसरीकडे. शिवाय प्रत्येक जातीची आळी वेगळी. इथं तसं नको. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. मधे चौक, चौकात सगळ्यांची मिळून एक विहीर. सुतार, शिंपी, माळी, व्यापारी, सगळे शेजारी राहतील.”

लोक ऐकत होते. साहेबाचं बोलणं मलाही आवडलं. मग तो म्हणाला, “नियम मी मुद्दाम सैल ठेवले आहेत. माणसाची गरज बदलते, तसं घरही बदलावं लागतं. शेजारी राजी असतील तर कमिटीनं बदल करून द्यावा. चौकात यायला मात्र हे दोन बोळ आहेत. त्यातून बैलगाडी गेली पाहिजे.”

गर्दीत चंपत नावाचा माळी होता. त्याचा अर्धा मळा पेठेत गेला होता आणि बदल्यात त्याला चौकातला प्लॉट मिळाला होता. त्याने विचारलं, “साहेब, शेजारी राजी हायेत का नाई, हे कसं समजन?”

“ते तुम्ही आपसांत ठरवा,” साहेब म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात तो निघून गेला आणि परत आला नाही.

आपसांत ठरवायला गावाला वेळ लागला नाही. सोयरीक जुळवताना जसं करतात तसंच ठरलं. ज्याला बदल हवा त्याने विहिरीवर शेजाऱ्यांना बोलवायचं आणि सुपारी वाटायची. ज्याने सुपारी घेतली तो राजी. मग कमिटीचे मेंबर पुंजाजी, जे याच चौकात राहायचे, त्यांनी कमिटीत जाऊन सांगायचं की सगळ्यांनी सुपारी घेतली, आणि कमिटीने हो म्हणायचं.

मित्रांनो, यात चूक कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं का? शेजाऱ्याने पुढे केलेली सुपारी आपल्याकडे कुणी नाकारत नाही. नाकारली तर तो अपमान होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद पडतं. म्हणजे विचारलं सगळ्यांना जायचं, पण नाही म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

पहिली काही वर्षं मात्र फार चांगली गेली, ते खोटं कशाला सांगू? पहिली सुपारी चंपतच्या बायकोने, प्रयागबाईने वाटली. तिला दारापुढचा ओटा वाढवून भाजी सावलीत मांडायची होती. मग सुताराने अंगणात रंधा मारायला मांडव घातला, शिंपिणीने खिडकी रुंद केली. सगळं माणसांच्या सोयीचं होतं. सकाळी बोळातून भाजीची गाडी आत जायची, चौकात मुलं खेळायची, विहिरीवर सगळ्या जातींच्या घागरी एका ओळीत लागायच्या. मी तोंडावर उभा राहून ये-जा बघायचो आणि सुखी होतो.

मग चंपत मळ्यातल्या विहिरीवर मोटेचे बैल उतरतात त्या धावेवरून पडला. कंबर गेली. त्यानंतर त्याचे पाय कधी हलले नाहीत. दिवसभर तो घराच्या मागच्या खोलीत बसून दोर वळायचा. उरलेला मळा प्रयागबाई बघायची, भाजीही तीच विकायची. रतनसिंग नावाचा गाडीवान दर चार-पाच दिवसांनी गाडी थेट त्यांच्या दाराशी न्यायचा, चंपतला उचलून गाडीत बसवायचा आणि मळा दाखवून आणायचा. गाडी माझ्याजवळून जाताना चंपत मागे रेलून आभाळाकडे बघायचा. बोळ होता म्हणून त्या माणसाला आभाळ दिसत होतं.

पहिली वाईट सुपारी पुंजाजींनी वाटली. मागच्या बाजूचा दुसरा बोळ त्यांच्या घराला लागून होता. तिथे त्यांना गोठा बांधायचा होता. “हा एक बोळ हाये ना मोठा, मंग दुसरा कायले पायजे?” ते म्हणाले. मेंबरची सुपारी कोण नाकारणार? गोठा झाला आणि चौकाला माझ्या बाजूचा एकच रस्ता उरला.

माझ्या लगतचा कोपऱ्याचा प्लॉट रामकिसनशेट नावाच्या व्यापाऱ्याचा होता. त्याने सुपारी वाटली ती कापूस भरायला. एका हंगामापुरतीच वखार करतो, म्हणाला. चौकातल्या बायांना कापूस निवडायचं काम मिळणार होतं, त्यामुळे सगळ्या खूश होत्या. हंगाम संपला, वखार राहिली. खोल्या वाढल्या, कापूस छपराला टेकला. शेट वाईट माणूस नव्हता, हेही सांगतो. अडल्यानडल्याला धावून जायचा. त्याला फक्त जागा कमी पडायची.

मग एके दिवशी शेटने दोन मजूर आणून माझ्याभोवती माती उकरायला लावली. कापूस मोजायचा मोठा काटा बसवायला त्याला खोली हवी होती आणि त्यासाठी मला बोळात सरकवायचं होतं. संध्याकाळी विहिरीवर सुपारी वाटायचा बेत होता. प्रयागबाई भाजीची टोपली घेऊन आली आणि माझ्यापाशी थांबली.

“शेटजी, हा दगड सरकला तं गाडी कशी येईन आत?” तिने विचारलं.

“येईन व बाई. जराशी तिरपी घ्या लागन.”

“अन् आमच्या घरच्यायले बाहीर कसं काढू? त्यायले पाय नाईत, गाडी पायजे.”

“अवं, चार माणसं उचलून आणतीन. मी हावो ना.”

संध्याकाळी सुपारी पुढे आली की आपला हात पुढे जाईल, हे तिला पक्कं माहीत होतं. ती घरी गेली आणि थोड्या वेळाने वाटी घेऊन परत आली. मजूर भाकरी खायला गेले होते. तिने मला तेल लावलं, तेलात कालवलेला शेंदूर माथ्यापासून खालपर्यंत फासला आणि एक फूल ठेवलं. मळ्याच्या धुऱ्यावर, बांधावर, त्यांचा म्हसोबा होता, तो पेठेसाठी जमीन सपाट करताना नांगराखाली गेला होता. मजूर परत आले तसं ती मोठ्याने म्हणाली, “आमच्या मळ्याचा म्हसोबा हाये ह्यो. सपनात येऊन मले म्हने, मी अठी बसलो हावो.”

मजुरांनी कुदळी खाली टाकल्या आणि कानाला हात लावले. शेट आला, त्याने पाहिलं, पायातल्या वहाणा काढल्या आणि उकरलेली माती स्वतःच्या हाताने परत लोटली. त्या संध्याकाळी सुपारी वाटली गेली नाही. प्रयागबाई जाताना माझ्याकडे बघून किंचित हसली. बाईची हुशारी बघून मला कौतुक वाटलं. बोळ वाचला, असं मीही समजलो होतो.

त्या वर्षी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. शेटला वाटलं, म्हसोबा पावला. त्याने माझ्याभोवती चिरेबंदी ओटा बांधला. मग कुणाला मूल झालं, कुणाचा बैल सापडला, कुणाचा ताप उतरला. ओट्यावर चार खांब आले, खांबांवर पत्रे आले, घंटा आली. ओट्याला पायऱ्या केल्या त्या बोळात उतरल्या. नारळ फोडायचा दगडही बोळातच बसवला. माणसाला जायला वाट होती, सायकल जायची. गाडी मात्र जाईना.

रतनसिंग एकदा गाडी घेऊन आला आणि तोंडाशीच थांबला. “आता आत जात नाई, माय,” तो प्रयागबाईला म्हणाला. त्याने चंपतला पाठीवर घेऊन आणायचा प्रयत्न केला, पण चंपत वेदनेने ओरडायला लागला. त्याला परत खोलीत ठेवावं लागलं. त्यानंतर चंपतने मळा पाहिला नाही.

मग प्रयागबाईने जे केलं त्याला फार मोठं धैर्य लागतं. माझा ओटा अजून वाढवायची सुपारी पुंजाजी विहिरीवर वाटत होते. ती उठून उभी राहिली. आमच्या चौकात सुपारीपासून कुणी हात मागे घेतल्याचं तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

“मी सुपारी घेत नाई,” ती म्हणाली. “अन् खरं सांगतो, तो म्हसोबा नाई. हद्दीचा दगड हाये. शेटजीनं सरकवू नये म्हून मीच शेंदूर लावला होता. सपन-बिपन काई पडलं नोतं मले.”

मला वाटलं, सुटलो. आता ओटा फोडतील, शेंदूर धुतील, मी पुन्हा कामाला लागेन.

पुंजाजी हसून म्हणाले, “पोरी, तुले काय वाटते, तू लावला? देवानंच तुया हातून लावून घेतला.”

बायांनी माना डोलावल्या. शेट म्हणाला, “खरी गोष्ट हाये.” प्रयागबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खाली बसली. पुंजाजींनी सुपारी तिच्यापुढे ठेवली आणि तिने घेतली नाही तरी ती घेतल्याचं धरलं गेलं. त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढे राज्य बदललं, कारभार मुंबईकडे गेला. आमच्या पेठेत काहीच बदललं नाही. कमिटीने आगीसाठी म्हणून एक पाण्याची गाडी मात्र आणली. बैलगाडीवर लोखंडी टाकी, तिला हाताने मारायचा पंप आणि कॅनव्हासचा नळ. ती हाकायला रतनसिंगला ठेवला.

चैत्रात बाजाराच्या दिवशी भर दुपारी वखार पेटली. ठिणगी कुठून पडली मला माहीत नाही. कुणी विडी म्हणतं, कुणी चूल म्हणतं. कापूस आधी नुसता धुमसला आणि मग एकदम भडकला. बहुतेक माणसं बाजारात होती. चौकातल्या बाया पोरांना काखेत मारून वखारीच्या भिंतीला लागून बोळातून बाहेर पळाल्या. त्या सगळ्या सुटल्या. चंपतला कुणीतरी आणलं असेल असं प्रत्येकीला वाटलं. मग वखारीच्या मागच्या खोल्यांचं छप्पर बोळाच्या आतल्या भागात कोसळलं आणि वाट बंद झाली. चौकातली भरलेली विहीर आगीच्या पलीकडे राहिली, तिचा काही उपयोग झाला नाही.

रतनसिंग गाडी हाकत आला तो माझ्यापाशी येऊन अडला. बैल फुरफुरत होते. त्याने नळ सोडला, दोघे जण पंपाला लागले, पण पाणी आगीच्या अलीकडेच पडत होतं. आणखी दोन गाड्यांइतकं आत जायला हवं होतं. लोक घागरी-बादल्यांनी पाणी मारत होते, पण कापसाची आग बादलीला कुठे जुमानते?

“चंपतभाऊ कोठी हाये?” रतनसिंगने विचारलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा सगळ्यांना कळलं. आणि आतून त्याची हाक ऐकू आली. तो बायकोला हाक मारत होता.

“हा ओटा फोडा,” रतनसिंग म्हणाला. “खांब पाडा, दगड काढा. गाडी आत गेली तं माणूस वाचते.”

पहारी होत्या. हात होते. पुंजाजी होते, खुद्द रामकिसनशेट होता, त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. पण पहार कुणी उचलली नाही. प्रत्येक जण वाट पाहत होता की पहिला घाव दुसऱ्याने घालावा. रतनसिंग स्वतः खाली उतरला, तर बिथरलेले बैल गाडी उलटवायला लागले. त्याला परत कासरा धरावा लागला.

तेवढ्यात प्रयागबाई बाजारातून धावत आली. डोक्यावर पदर नव्हता. तिने कुणाला काही विचारलं नाही. पहार उचलली आणि माझ्या माथ्यावर घातली. फुलीच्या खुणेजवळचा माझा टवका उडाला. मित्रांनो, मला बरं वाटलं. शपथेवर सांगतो, मला बरं वाटलं. मार अजून, माय, असं मी मनात म्हणत होतो.

तिने दुसऱ्यांदा पहार उचलली आणि चार-पाच जणांनी तिला धरलं. बायाही होत्या त्यांत. “बाई, साऱ्या गावावर कोप आणतं का?” कुणीतरी म्हणालं. ती धडपडत होती, चावत होती. तिला ओढत रस्त्यापलीकडे नेलं आणि आग आपोआप विझेपर्यंत धरून ठेवलं. आतली हाक त्याच्या बऱ्याच आधी थांबली होती.

नंतर कमिटी बसली. चौकशी झाली. नियम कुणीच मोडलेला नव्हता. गोठ्याला सगळे राजी होते, वखारीला होते, ओट्यालाही होते. कमिटीने दुःख व्यक्त केलं आणि उठली. गावात बोललं जायला लागलं की प्रयागबाईने देवाला देव मानलं नाही म्हणून आग लागली. माझा टवका उडाला होता तिथे शेंदराचं जाड लिंपण घातलं. कोप शांत व्हावा म्हणून शेटने हे चांदीचे डोळे बसवले.

प्रयागबाई गेली. शेलूबाजारला तिची बहीण आहे, तिच्याकडे. रतनसिंग सामान न्यायला आला होता. गाडीत बसण्याआधी ती माझ्यासमोर उभी राहिली. लोकांना वाटलं, माफी मागते आहे. ती हळू आवाजात म्हणाली, “तू दगड होता तवा कामाचा होता रे.”

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्यातलं कुणी वस्ती आखायला बसेल, कुणी कमिटीत बसेल. नियम जरूर सैल ठेवा. बाईला भाजी मांडायला ओटा लागतो, सुताराला मांडव लागतो. पण गाडी आत जायची वाट सैल ठेवू नका. ती अडवायला कुणी सुपारी पुढे केली तर हात मागे घ्या. शेजारी रागावला तर रागावू द्या, बोलणं बंद झालं तर होऊ द्या. माणूस जिवंत असला तर राग कधीतरी निवतो.

आणि हे सगळं मोठेपणी करायचं. आज करायचं ते वेगळं आहे. वखार पुन्हा उभी राहिली आहे, कापूस पुन्हा छपराला टेकला आहे. चौकात नवी बिऱ्हाडं आली आहेत. त्यांत एक बाळंतीण आहे आणि एक आंधळे आजोबा आहेत. तुमच्या घरी जाऊन वडीलधाऱ्यांना सांगा की दगडाने निरोप दिला आहे, मला इथून काढा. मी दिसतो तेवढा जड नाही. मनात आणलं तर दोन माणसं पुरतात.